शुगर आहे, पण ‘दिसतंय ना अजून’ म्हणताय? या चुका टाळा

आप्पांना शुगर होऊन बारा वर्षं झाली होती. डोळे दाखवू म्हटलं की ठरलेलं उत्तर, “माले बठ्ठं दिसस” (मला सगळं दिसतं). अमळनेरच्या स्टँडवर एसटीची पाटी ते लांबूनच वाचायचे, त्यामुळे आम्हीही गप्प. मग एका हंगामात त्यांनी वेचलेल्या कापसात पानांचा चुरा आणि कवडी (किडका, डागी कापूस) यायला लागली. “लक्ष कुठं असतं तुमचं?” म्हणून आईनं दोनदा सुनावलं. तोवर एका डोळ्यात मधोमध धुकं धरलं होतं आणि दुसरा डोळा ते झाकून नेत होता.

सगळ्यांची चूक इथंच होते. शुगरमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या (रेटिना) बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, काही बंद पडतात. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. म्हणून त्रासाची वाट बघायची नसते. टाइप 2 असेल तर निदान झाल्याबरोबर पडदा तपासायचा, टाइप 1 असेल तर पाच वर्षांच्या आत, आणि पुढे डॉक्टर वेगळं सांगत नाहीत तोवर दरवर्षी. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच. घरी एक-एक डोळा झाकून खिडकीचे गज बघा. सरळ गज वाकडे दिसले तर लगेच दाखवा. सरळ दिसले म्हणून तपासणी मात्र चुकवू नका.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, हा दुसरा गैरसमज. शुगर वर-खाली झाली की नंबरही हलतो. आप्पांचे सहा महिन्यांत दोन चष्मे झाले. पडदा बघायला बहुतेक वेळा थेंब टाकून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सोसत नाही. तेव्हा मोटरसायकल घेऊन एकटे जाऊ नका, आणि खान्देशातलं ऊन माहीत आहेच, गॉगल न्या.

“लेझर केलं तरी नजर वाढली नाही, पैसे पाण्यात,” हे पारावर हमखास ऐकू येतं. लेझर मुख्यतः आहे ती नजर राखायला असतं. पडद्याची सूज उतरवायला डोळ्यात इंजेक्शनं देतात, तीही बहुधा पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. वेचणी आली म्हणून तारीख चुकवू नका. अचानक काळे धागे तरंगले किंवा डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि नुसती केळी सोडून भागत नाही (केळीच्या पट्ट्यातल्या रावेर-यावलच्या माणसाला तेवढंही जड जातं म्हणा). बीपी आणि किडनीकडेही बघावं लागतं.

आमची स्वतःची चूक मला याहून मोठी वाटते. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटची 25 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तक्त्यावरची अक्षरं वाचता येतात का, यावर ती थांबत नाही. अंधारात पायऱ्या उतरता येतात का, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं कळतं का, नजरेपायी घरातच बसून राहता का, असंही विचारते. आप्पांना हे कुणी विचारलंच नाही. ते लग्नांना जाईनात. चेहरे ओळखू येत नव्हते, आणि भाऊबंद म्हणायचे, “आप्पा आजकाल रामराम घेत नाहीत.” आम्ही काळजीपोटी त्यांची गाडी काढून घेतली, मग बाजाराची पिशवी, मग हिशेबाची वही. महिनाभरात माणूस खाटेवर.

आता ओट्याच्या पायऱ्यांच्या कडांना चुन्याचा पांढरा पट्टा मारलाय. स्टीलच्या ताटात पांढरा भात त्यांना दिसायचा नाही, म्हणून गडद रंगाचं ताट आणलं. इन्सुलिनचा आकडा मात्र दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय सुई टोचायची नाही, हा घरचा नियम.

वेचायला ते जात नाहीत, काट्याशी बसतात. वजन नातू वाचतो. व्यापाऱ्याशी दराची घासाघीस आप्पाच करतात, आणि त्यात मध्ये कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.