मार्केट पडल्यावर कॉम्प्युटरच्या खर्चाला कात्री लावताय? या चुका टाळा

मी शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी भागातल्या छोट्या शेअर ब्रोकिंग ऑफिसांची, म्हणजे मोठ्या ब्रोकरच्या हाताखाली क्लायंटचे सौदे करणाऱ्यांची, नेटवर्कची कामं बघतो. कागदावर ते आता ऑथोराइज्ड पर्सन झालेत पण कोल्हापुरात अजून सबब्रोकरच म्हणतात. २००८ बघितलं, २०२० बघितलं, आणि दोन्ही वेळा तीच गंमत, मार्केट आपटलं की मालकाची पहिली कात्री माझ्या बिलावर. माझं बिल जाऊ दे हो, पण त्याच्याबरोबर काय काय बंद होतंय ते कुणी बघतच नाही.

मुळात गणितच उलटं घालतात. मंदी आली, काम कमी होणार, मग इंटरनेटच्या दोन लाइन कशाला? अरे पण पडायच्या दिवशीच सगळ्यात जास्त लोड असतो, झाडून सगळे क्लायंट एकाच वेळी फोन करतात. ब्रोकरेज आटतं ते नंतर, काही महिन्यांनी, लोक स्टेटमेंट उघडायचंच सोडून देतात तेव्हा. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली, आणि ऑफिसं रिकामी पडली ती त्याच्या पुढं. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२ मध्ये ब्रोकरांच्या सिस्टिमसाठी नियम काढले त्यात कपॅसिटी पीक लोडच्या किमान दीडपट पाहिजे म्हटलंय. पीकच्या, सरासरीच्या नव्हे. आपलं चार टर्मिनलचं (सौदे टाकायच्या कॉम्प्युटरचं) ऑफिस असलं तरी हिशोब त्याच अंगानं घाला.

आता दुसरी लाइन. ही बंद करणं ही सगळ्यात कॉमन चूक, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसरी लाइन आहे असं समजणं. एका ठिकाणी दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं होती, मालक एकदम निवांत, मी वर जाऊन बघितलं तर दोन्ही केबली एकाच खांबावरून, एकाच पत्र्याच्या भोकातून आत आलेल्या. जेसीबीचा एक दात लागला की दोन्ही गेल्या. हसू नका, २४ फेब्रुवारी २०२१ ला खुद्द एनएसई, म्हणजे मुंबईचं नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, ११:४० ला बंद पडलं, दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक असून, आणि नंतर कारण काय सांगितलं तर रस्त्यावरची खोदाई आणि बांधकाम. दुपारी पावणेचारला परत चालू करून पाचपर्यंत ट्रेडिंग ठेवावं लागलं. तेव्हा एक लाइन तारेची असेल तर दुसरी सिमवरची घ्या, आणि शनिवारी मार्केट बंद असताना मेन केबल स्वतःच्या हातानं उपटून बघा टर्मिनल चालतंय का. बहुतेकांचं चालत नाही. सिमचा रिचार्जच संपलेला असतो.

२३ मार्च २०२० ची सकाळ मी एका ऑफिसात होतो. दहाच्या आसपास स्क्रीनवरचे आकडे एकदम गोठले. डीलर पोरगा ओरडला, "अण्णा, लाइन गेली बगा!" आणि मी खुर्चीतनं उठायच्या आत त्यानं मोडेम, राऊटर, स्विच सगळं खटाखट बंद केलं. लाइन कुठली गेलीय, मार्केट दहा टक्के पडून लोअर सर्किट लागलं होतं, देशभर ट्रेडिंग थांबलेलं! एक वाजायच्या आधी दहा टक्के पडलं तर ४५ मिनिटं हॉल्ट आणि वर १५ मिनिटं प्री-ओपन (उघडायच्या आधी फक्त ऑर्डर गोळा करायची वेळ), असा नियम आहे. ह्या पठ्ठ्याच्या उपद्व्यापात राऊटरचं जुनं सेटिंग उडालं, ते परत बसवण्यात माझा तासभर गेला, आणि मार्केट परत उघडलं तेव्हा आमचं एक टर्मिनल अजून बंदच. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी पडला. तेव्हा आधी मोबाइलवर भाव हलतोय का ते बघा, मग हात लावा. मोबाइलवर हलतोय आणि टर्मिनलवर नाही, तर लाइन किंवा सर्व्हर. दोन्हीकडं गोठलंय, तर एक्स्चेंजची बातमी बघा.

ह्याच घाईत दुसरी चूक होते, ऑर्डर अडकली म्हणून परत एंटर दाबायचा. पहिली ऑर्डर लटकलेली असते, मेलेली नसते. ऑर्डर बुक बघितल्याशिवाय दुसरी टाकली की डबल पोझिशन, म्हणजे तोच सौदा दोनदा, आणि त्याचा तोटा कुणाच्या डोक्यावर घालायचा ह्यावर दोस्ती तुटते.

सॉफ्टवेअरचे अपडेट आणि एक्स्चेंजची परिपत्रकं पुढं ढकलू नका. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत क्रूडचा (कच्च्या तेलाचा) मे वायदा, म्हणजे मे महिन्याच्या डिलिव्हरीचा सौदा, बॅरलला मायनस ३७.६३ डॉलरवर बंद झाला. किंमत शून्याखाली जाऊ शकते, सिस्टिम तपासून घ्या असं तिथल्या एक्स्चेंजनं आधीच कळवलं होतं, तरी काही ब्रोकरांच्या सॉफ्टवेअरला वजा चिन्हच घेता येईना. आपल्या एमसीएक्सवर (तेल-सोन्याच्या वायद्यांच्या एक्स्चेंजवर) सेटलमेंट मायनस २,८८४ रुपये बॅरलला झालं, आणि लॉकडाउनमुळं इथलं ट्रेडिंग संध्याकाळी पाचलाच बंद होत असल्यानं लोकांना बाहेर पडायलाही वाव नव्हता. म्हणजे तेल विकणाऱ्याच्याच खिशातनं पैसे! गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफाला हे सांगितलं तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

डॉलरमधली सबस्क्रिप्शनं हा एक गुपचूप खड्डा आहे. चार्टचं सॉफ्टवेअर, क्लाउड, डेटा फीड, बिल तेवढंच दिसतं पण संकटात रुपया घसरतो. २००८ च्या सुरुवातीला डॉलर ३९ च्या आसपास होता आणि वर्षअखेरीला ५० कडं. म्हणजे काही नवीन न घेता खर्च पाव पटीनं वर. कापायचं असेल तर इथं कापा, कुणी कुठलं लॉगिन शेवटचं कधी वापरलं ते बघा, निम्मी लॉगिनं नोकरी सोडून गेलेल्या पोरांच्या नावावर निघतात. (ती तर कशीही बंद करायलाच पाहिजेत.)

आणि वाचवलेल्या पैशातनं अल्गो (आपोआप ऑर्डर टाकणारं सॉफ्टवेअर) घेऊ नका, हात जोडून सांगतो. मंदीत "महिन्याला आठ टक्के फिक्स" म्हणणारे लई उगवतात. सेबीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये छोट्या गुंतवणूकदारांच्या अल्गोसाठी नियम आणलेत, अल्गोची एक्स्चेंजकडं नोंदणी आणि ऑर्डर ब्रोकरच्या देखरेखीखाली. विकणाऱ्याला नोंदणी विचारा, बहुतेक तिथंच फोन कट होतो.

यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते, बदला. आणि २०१९ च्या पुरात शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा खालच्या फडताळातले यूपीएस पहिले गेले, तेव्हापासून मी सगळ्यांचे टेबलाच्या वर ठेवतो, मालक म्हणतात दिसायला घाण वाटतंय, वाटू दे.