ओबी डम्पची तपासणी: पाण्याच्या वाटेने चला

चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खुल्या कोळसा खाणींभोवती मातीचे जे डोंगर दिसतात, ते ओबी डम्प (ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळसा काढण्याआधी वरून हटवलेली माती आणि दगड). कोळशावरची काळी माती, वाळूखडक, कोळसामिश्रित शेल (पापुद्र्यांचा चिखली खडक) असं सगळं त्यात पडतं. डम्प घसरण्यामागे बहुतेकदा पाणी असतं, म्हणून तपासणीही पाणी जिथून येतं तिथून सुरू करून ते बाहेर पडतं तिथपर्यंत करावी.

पहिली फेरी मेच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे गाळ उपसायला दिवस मिळतात. दुसरी पहिल्या जोरदार पावसानंतर, पाऊस थांबल्यावर. पुढची ऑगस्टमध्ये आणि शेवटची ऑक्टोबरमध्ये. सोबत क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन), टेप, जीपीएस, खुंट्या, पीएच मीटर आणि नमुन्याच्या बाटल्या ठेवा. एकट्याने जाऊ नका आणि ओल्या उताराच्या खाली उभं राहू नका.

निघण्यापूर्वी जुना टोपोशीट (चढउतार, नाले दाखवणारा नकाशा) पाहा. डम्पखाली एखादा नाला किंवा झरा गाडला गेला असेल तर तो भाग सर्वांत धोकादायक. 21 ऑक्टोबर 1966 रोजी वेल्समधल्या अबरफान गावावर खाणीचा ढीग कोसळून 144 जण गेले, त्यात 116 मुलं होती. तो ढीग झऱ्यावर रचलेला होता. आपल्या वर्धा खोऱ्यात जोडीला काळी माती आहे. ती न काढता डम्प उभा केला असेल, तर पावसात ती फुगून मऊ होते आणि पायथा बाहेर सरकतो.

आता माथ्यावर. माथ्याचा ढाळ कडेकडे नसावा, आत नालीकडे असावा. डम्परसाठी कडेला घातलेल्या बांधाला टेकून पाणी साचलंय का, हे मुद्दाम बघा. बांध सुरक्षेसाठी असतो खरा, पण पाण्याला वाट नसेल तर तेच पाणी उतारात मुरतं. मग कडेला समांतर भेगा शोधा. भेग दिसली की तिच्या पलीकडे, कडेच्या बाजूला, पाय टाकू नका. भेगेच्या दोन टोकांना आणि मध्ये, कडेच्या आतल्या बाजूने पोचता येईल अशा जागी खुंट्या ठोकून तिथून भेगेच्या पलीकडच्या काठापर्यंतचं अंतर रोज मोजायला लावा. ते वाढतंय असं दिसलं की खालचं काम थांबवून माणसं, यंत्रं हलवायची आणि लगेच व्यवस्थापकाला कळवायचं. भेगेवर नुसती सैल माती लोटणं ही सर्रास होणारी चूक आहे. भेग झाकते, पाणी मुरतच राहतं. आधी वरचं पाणी वळवा, मग चिकणमाती ठोकून भरा.

उताराचा कोन मोजा. कोळसा खाण विनियम 2017 नुसार उतार 37.5 अंशांपेक्षा जास्त नको, 30 मीटरपेक्षा उंच डम्पला बेंच (पायऱ्यांसारखे टप्पे) हवेत, एक बेंच 30 मीटरपेक्षा उंच नको आणि एकूण उतार 1 उभा, 1.5 आडवा, याहून तीव्र नको. पर्यावरण मंजुरीच्या अटींत बहुधा 28 अंश असतात. दोन्ही कागद हातात असू द्या.

पायथ्याला घाई करू नका. जमीन फुगलीय का? झाडं, खांब कललेत का? पाझर स्वच्छ असेल तर नोंद आणि नजर पुरते. गढूळ पाझर म्हणजे डम्पच्या आतली माती वाहून चाललीय, तिथे त्याच दिवशी भूतंत्र अभियंत्याला (माती-खडकाच्या स्थिरतेच्या तज्ज्ञाला) बोलवा. संरक्षक भिंतीची निचरा छिद्रं काडीने तपासा. ती बुजली की मागचं पाणी भिंत ढकलतं.

गारलँड ड्रेन, म्हणजे डम्पभोवती फिरवलेली नाली, डोळ्यांनी नको, टेपने मोजा. 10 हेक्टर पाणलोट, तासाला 60 मिमी पाऊस आणि 0.6 वाहगुणांक (पावसाचा वाहून येणारा हिस्सा) धरला तर 0.6 × 60 × 10 ÷ 360, म्हणजे सेकंदाला 1 घनमीटर पाणी येतं. 50 टक्के जादा धरून 1.5. तळ 1 मीटर, खोली 1 मीटर, बाजू 1:1 अशा नालीतून सेकंदाला 1 मीटर वेगाने सेकंदाला 2 घनमीटर जातं. त्यात अर्धा मीटर गाळ बसला की छेद 1.25 चौरस मीटर उरतो, वेगही घटतो आणि नाली डम्पच्या पायथ्यातच फुटते.

गाळ तळं निम्मं भरलं की उपसा. नमुना तळ्यातून बाहेर पडणाऱ्या वाहत्या पाण्याचा घ्या: पीएच 5.5 ते 9, निलंबित घन पदार्थ लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत. तांबूस साका आणि घसरलेला पीएच एकत्र दिसले तर वरच्या शेलमधल्या पायराइटचा (लोह आणि गंधकाच्या खनिजाचा) संशय घ्या.

शेवटी हिरवळ. लांबून हिरवा दिसणारा डम्प जवळून उघडा निघू शकतो, विशेषतः वरच्या बेंचवर. तिथे, मध्ये आणि खाली 10 × 10 मीटरचे तुकडे आखा. दोन मीटर अंतराने लागवड असेल तर प्रत्येकात 25 रोपं हवीत. जिवंत किती ते मोजा. मेलेल्या जागी 30 सेंमी खणा. वरची सुपीक माती पसरलीच नसेल आणि काळा शेल लागला, तर नवी रोपंही जगणार नाहीत. जमीन गरम लागली किंवा गंधकाचा वास आला तर खणणं थांबवून मागे या, आत आग धुमसत असू शकते. ओघळी पायापेक्षा खोल झाल्या असतील तर फक्त बुजवू नका, वरच्या बेंचवरून पाणी कुठे निसटतंय ते शोधा, दगडी उतरण बांधा आणि कडेला वाळा लावा.

प्रत्येक दोषाला क्रमांक, जीपीएस स्थान, मोजमाप, जबाबदार माणूस आणि दुरुस्तीची तारीख द्या. फोटो दर फेरीला त्याच खुंटीपासून, त्याच दिशेने.