हॉलमधल्या खेळांचे फोटो काढायला निघालात? आधी वरचे लाईट बघा

शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ हे तुम्हाला येतं असं धरून चालतो, ते परत सांगत बसत नाही. मला सांगायचीय ती एकच गोष्ट, कारण तिच्यापायी माझी एक अख्खी फायनल गेली आणि अजून आठवलं की पोटात कालवतं.

शालेय कबड्डी, १७ वर्षांखालील मुली. मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्याच्या गावचा हॉल, नाव घेत नाही. पत्र्याचं छत, वर जाळीत बसवलेले दिवे, त्यातले निम्मे बंद. शेवटची चढाई चालू, चढाईला गेलेल्या पोरीचा संघ दोन गुणांनी मागं, आणि तिघींनी तिला धरलेलं, एकीनं घोटा, एकीनं कंबर, एक पाठीवर. ती तशीच मॅटवर छातीनं सरकत गेली आणि मध्यरेषेच्या पलीकडं बोटं टेकवली. तीन गुण, सामना खिशात. मी मध्यरेषेच्या टोकाला मांडी घालून बसलेलो, समोर दहा-बारा फुटांवर तिचा चेहरा, फोकस डोळ्यावर, बोट बटणावरून काढलंच नाही. वीसेक फ्रेम निघाल्या असतील. तिचे वडील गावाकडून एसटीनं आलेले, त्यांनी माझा नंबर घेतला, "सर, तेवढा लाईनीवरचा फोटो पाठवा बरं का, तिच्या आजीला दाखवायचाय."

रात्री घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडलं तर प्रत्येक फोटोत आडवे पट्टे. एक पट्टा उजळ, एक तपकिरी काळपट, परत उजळ. त्या लाईनीवरच्या फोटोत काळा पट्टा बरोबर डोळ्यांवरून गेलेला. दिवसभराचे साडेचारशे फोटो, सगळे तसेच. पहाटे तीनपर्यंत एकेक पट्टा ब्रशनं उजळ करत बसलो, काही होत नाही, कारण तिथं उजेडाबरोबर रंगही बदललेला असतो.

झालं काय ते नीट समजून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब, मेटल हॅलाईड, साधे स्वस्त एलईडी हे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंद होतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. आता तुम्ही १/१००० वर फोटो काढता तेव्हा त्या चढउताराचा एक बारीक तुकडा उचलता, तो तुकडा उजेडाचा निघाला तर फोटो छान, मंदीचा निघाला तर काळपट पिवळा, म्हणून एकाच बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्या फोटोंत, सेटिंगला हात न लावता एक फोटो गोरा आणि पुढचा सावळा येतो. हे मेकॅनिकल शटरचं झालं आणि ते एकवेळ चालतं, कारण पडदा पूर्ण फ्रेमवरून चार-पाच मिलिसेकंदात जातो, दहापैकी दोन-तीन फोटो तरी चांगले निघतातच. पण इलेक्ट्रॉनिक शटर, ज्याला सगळे सायलेंट म्हणतात, त्यात सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत येतो आणि साध्या मिररलेस बॉडीत, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, त्याला १/३० सेकंदाच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात दिवा तीन वेळा उजळून तीन वेळा मंद झालेला असतो, म्हणजे तीन पट्टे. शटर स्पीड १/१००० करा नाहीतर १/४००० करा, पट्टे जात नाहीत, उलट जास्त ठळक होतात. मला हेच माहीत नव्हतं. मला वाटायचं शटर फास्ट म्हणजे सगळं गोठलं.

मी सायलेंटवर का होतो? ज्यांच्याकडं मी लग्नाची कामं शिकलो त्यांनी सांगितलेलं, "सेकंडहँड बॉडी आहे, सायलेंटवर टाक रे, शटर कशाला झिजवायलास." माणूस सोन्यासारखा, लग्नात त्यांचा हात धरणारा आमच्याकडं कुणी नाही, पण हॉलमधला खेळ त्यांनी आयुष्यात काढलेला नव्हता. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, सल्ला देणाऱ्याला आधी विचारायचं की तुमच्या या कामाचे न निवडलेले, अख्ख्या कार्डातले फोटो दाखवता का. दाखवले तर पाय धरा, नाही दाखवले तर चहा प्या आणि नमस्कार करून या. शटर झिजवायसाठीच असतं.

व्ह्यूफाइंडरमध्ये मला त्या दिवशी हलक्या सावल्या सरकताना दिसल्या होत्या हो, पण मला वाटलं ती स्क्रीनची गडबड. मागच्या छोट्या डिस्प्लेवर बघून "भारी आलाय" म्हणत पुढं गेलो. झूम करून एक फोटो बघितला असता सकाळी नऊ वाजता तर सगळं वाचलं असतं.

आता मी हॉलवर पोचलो की बॅग उघडायच्या आधी मोबाईल काढतो, स्लो-मोशन व्हिडिओ सेकंदाला २४० फ्रेमवर लावतो आणि वरच्या दिव्यांकडं धरतो. लुकलुकताना स्पष्ट दिसतात. मग मेकॅनिकल शटर, आणि मेनूत अँटी-फ्लिकर चालू. हे फीचर दिव्याचा उजेड सर्वात जास्त असतो त्या क्षणालाच शटर सोडतं, बर्स्ट थोडा मंदावतो, मंदावू द्या. कॅननने ते २०१४ मध्ये सेव्हन डी मार्क टू मध्ये आणलं, निकॉनच्या डी ५०० मध्येही आहे, म्हणजे जुन्या बाजारातली बॉडी घेताना एवढं एक विचारून घ्या. बऱ्याच बॉडीत सायलेंटवर ते चालतच नाही, हे ध्यानात ठेवा. आणि मोठ्या हॉलमध्ये दिवे तीन फेजवर, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या लाईनींवर, वाटलेले असतात, तिथं लुकलुक मुळातच कमी जाणवते. आपल्या तालुक्याच्या हॉलमध्ये एकाच फेजवर सगळं ओढलेलं असलं की जास्त त्रास.

बॉडीत अँटी-फ्लिकर नसेल तर घाबरू नका, तरीही काम होतं. मेकॅनिकलवर छोटे छोटे बर्स्ट घ्या, तीन-चार फ्रेमचे, एखादी चांगली निघतेच. खेळाडू थांबलेला असेल, पाणी पिताना, टॉसला, जिंकल्यावर मिठी मारताना, तिथं १/१०० वर या. पूर्ण एक चढउतार आत येतो आणि रंग एकसारखा मिळतो. व्हाईट बॅलन्ससाठी, म्हणजे या उजेडात पांढरं कसं दिसतं ते कॅमेऱ्याला सांगायला, पांढऱ्या कागदाचा फोटो काढाल तोही १/१०० किंवा १/५० वरच काढा, १/१००० वर काढलेला कागद तुम्हाला दर वेळी वेगळंच सांगेल.

बाकीचं पटकन सांगतो. मॅन्युअल मोड, रॉ फाईल. कबड्डीला १/६४० च्या खाली जाऊ नका, बॅडमिंटनच्या स्मॅशला त्याहून वर. आयएसओ ६४०० ला घाबरणं सोडा, दाणे आले तर येऊ द्या, अंधारा काढून नंतर उजळवलेला फोटो त्याहून घाण दिसतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स हॉलमध्ये बॅगेतच राहू द्या, एफ ५.६ च्या जागी ८५ एमएम एफ १.८ लावली की जवळजवळ दहापट उजेड आत येतो आणि ती जुनी मिळते. ७०-२०० एफ २.८ साठी कर्ज काढू नका, मी काढलं, हप्ते अजून चालूयेत, पहिली दोन वर्षं ८५ वरच निघाली असती. फ्लॅश नाहीच. समोरून चढाईला येणाऱ्या पोराच्या डोळ्यात तो मारला तर पंच तुम्हाला बाहेर काढतील आणि ते बरोबरच करतील.

कबड्डीत बसायची जागा मात्र विचार करून निवडा. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाई करणाऱ्यानं ओलांडायलाच हवी ती) ३.७५ मीटर आणि बोनस रेषा तिच्या पुढं एक मीटर, म्हणजे जी काय झटापट होते ती या साडेचार-पावणेपाच मीटरच्या पट्ट्यात. मध्यरेषेच्या टोकाला खाली बसलात की परत येणाऱ्याचा चेहरा समोर मिळतो. सामना उभ्यानं काढू नका, नुसती डोकी येतात.

लाईट गेली तर? आमच्याकडं जातेच. मेटल हॅलाईड दिवे असतील तर वीज आल्यावरही लगेच पेटत नाहीत, थंड व्हावे लागतात, पाच-दहा मिनिटं कुठंच गेली नाहीत, आणि पेटताना रंग बदलत बदलत येतात. सामना मात्र लगेच सुरू करायची घाई असते. अशा वेळी व्हाईट बॅलन्स परत घ्या. जनरेटरवर हॉल चालला तर अँटी-फ्लिकर कधीकधी चुकतं, मोबाईलची टेस्ट परत करा.

धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. असे खेळाडू आपल्या मातीत आहेत, आणि त्यांच्या शाळेच्या दिवसांचे फोटो बहुतेकांकडं नसतात, असले तरी मोबाईलचे हललेले. म्हणून हे काम मला लग्नापेक्षा मोठं वाटतं, पैसे कमी असले तरी. पहिल्या वर्षी तुमचेही फोटो जातील, माझे गेले. सोडू नका.

त्या वडिलांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला, खरं सांगितलं. ते म्हणाले, "असू द्या सर, पुढच्या वर्षी काढा." पुढच्या वर्षी ती १९ वर्षांखालील गटात गेली होती, हॉल तोच होता. मी खेळ सुरू व्हायच्या तासभर आधी पोचलो आणि शिपाईमामांना म्हटलं, मामा, सगळे दिवे लावा ना. ते म्हणाले, बिल येतंय साहेब, निम्मेच लावायला सांगितलंय. मग संयोजकांना गाठून, चहा पाजून, फायनलपुरते सगळे लावून घेतले. आयएसओ ६४०० वरून ३२०० वर आला.