पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरचा आराखडा कसा करावा

ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांच्या जोडणीनंतर) थेट मोठा कपॅसिटर जोडला, की प्रवाह केवळ व्होल्टेजच्या शिखराजवळ अरुंद झटक्यांनी खेचला जातो आणि पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष वापरलेली शक्ती भागिले आरएमएस व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार) ०.६ च्या आसपास घसरतो. हा दोष कलांतराचा (प्रवाह व्होल्टेजच्या मागे-पुढे असण्याचा) नसून प्रवाहाच्या तरंगाचा आकार बिघडल्याचा आहे, त्यामुळे मोटारींसाठी वापरतात तशी कपॅसिटर बँक येथे निरुपयोगी ठरते. रेक्टिफायर आणि मुख्य कपॅसिटर यांच्यामध्ये बूस्ट कन्व्हर्टर (इनपुटपेक्षा जास्त डीसी व्होल्टेज देणारे स्विचिंग सर्किट) घालणे हाच रूढ उपाय आहे.

उदाहरणादाखल ३०० वॅटचा, ८५ ते २६५ व्होल्ट एसीवर चालणारा कन्व्हर्टर घेऊ. बूस्टचे आउटपुट इनपुटच्या शिखरापेक्षा नेहमी जास्त असावे लागते. २६५ व्होल्टचे शिखर ३७५ व्होल्ट असल्याने आउटपुट ३९० व्होल्ट धरावे. इंडक्टरचे गणित मात्र ८५ व्होल्टवर करावे, कारण सर्वाधिक प्रवाह तेथेच वाहतो. कार्यक्षमता ९५ टक्के मानल्यास प्रवाहाचे शिखर ५.३ अँपिअर येते. त्याच्या ३० टक्के, म्हणजे १.६ अँपिअर रिपल (प्रवाहातील चढउतार) चालवून घेतला, तर शिखरापाशी ड्यूटी सायकल (प्रत्येक आवर्तनात स्विच चालू असण्याचा वाटा) ०.६९ असताना ६५ किलोहर्ट्झच्या स्विचिंगला सुमारे ०.८ मिलिहेन्रीचा इंडक्टर लागतो. (६५ हा आकडा सोयीचा आहे: त्याची दुप्पट १३० किलोहर्ट्झ होते आणि वाहित उत्सर्जनाच्या (तारांतून परत पुरवठ्यात जाणाऱ्या विद्युत गोंगाटाच्या) मर्यादा सहसा १५० किलोहर्ट्झपासून लागू होतात.) पावडर कोअर (धातूच्या भुकटीचा गाभा) वापरल्यास इंडक्टन्सचे हे मूल्य शून्य प्रवाहाला मोजून समाधान मानू नये, ६ अँपिअरला ते किती उरते, हे डेटाशीटमधील आलेखावरून तपासावे.

वीज गेल्यावर २० मिलिसेकंद आउटपुट ३०० व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचे नसेल, तर किमान १९३ मायक्रोफॅरड लागतात. २० टक्के टॉलरन्स धरून २७० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा कपॅसिटर निवडावा. डायोड सिलिकॉन कार्बाइडचा घ्यावा, कारण सलग प्रवाहाच्या पद्धतीत (इंडक्टरचा प्रवाह शून्यावर न येता) साध्या डायोडचा रिव्हर्स रिकव्हरी प्रवाह (डायोड बंद होताना क्षणभर उलटा वाहणारा) मॉस्फेटला, म्हणजे कन्व्हर्टरच्या स्विचला, तापवतो.

खरी चूक होते ती नियंत्रणात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर या कपॅसिटरवर १०० हर्ट्झचा सुमारे ९ व्होल्टचा रिपल असणारच, आणि तो पुसून टाकण्याच्या मोहाने व्होल्टेज लूप (आउटपुट स्थिर ठेवणारे नियंत्रण) वेगवान केला, तर तोच रिपल प्रवाहाला ठरवून दिलेल्या संदर्भ-तरंगात मिसळून तिसरा हार्मोनिक (पुरवठ्याच्या तिप्पट वारंवारतेचा घटक) निर्माण करतो. म्हणून व्होल्टेज लूपची बँडविड्थ (प्रतिसादाचा वेग) १० ते १५ हर्ट्झवर ठेवावी, इनपुट प्रवाहाला आकार देणारा प्रवाहाचा लूप मात्र काही किलोहर्ट्झपर्यंत न्यावा. मंद लूपमुळे भार अचानक हटल्यावर आउटपुट उसळते. त्यासाठी स्वतंत्र अतिव्होल्टेज संरक्षण द्यावे, लूपला हात लावू नये.

पहिली चाचणी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सर्किट मुख्य पुरवठ्यापासून विलग ठेवणारा) आणि डिफरन्शियल प्रोब (दोन बिंदूंमधील व्होल्टेज जमिनीशी न जोडता मोजणारा) वापरूनच, कमी भारावर करावी. पुरवठा बंद केल्यावरही कपॅसिटरवर ३९० व्होल्ट टिकून राहतात, म्हणून बोर्डाला हात लावण्यापूर्वी कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून मीटरने खात्री करावी.