फ्रूट स्लाइस: काळ्या करंटांच्या सारणाची जुनी ब्रिटिश वडी घरी कशी भाजावी

स्कॉटलंडमध्ये किंवा उत्तर इंग्लंडमध्ये लहानाचे मोठे झालेल्या साठी-सत्तरीच्या माणसांसमोर ‘फ्लाय सेमेटरी’ हे नाव काढले, की बोलणे हमखास शाळेच्या जेवणाकडे, कोपऱ्यावरच्या बेकरीकडे आणि आजीच्या पत्र्याच्या डब्याकडे वळते. या नावाचा शब्दशः अर्थ ‘माश्यांची दफनभूमी’ असा आहे. मैद्याच्या दोन पातळ पाऱ्यांमध्ये बारीक, काळ्याभोर सुक्या द्राक्षांचे दाट सारण दाबून भाजायचे, वर साखर भुरभुरायची आणि चौकोनी तुकडे कापायचे, एवढाच हा पदार्थ आहे. कापलेल्या कडेतून दिसणारे काळे दाणे पाहून हे नाव पडले. बेकरीच्या फळीवर मात्र त्याच्यापुढे ‘फ्रूट स्लाइस’ अशी सभ्य पाटी असते.

स्कॉटलंडमधल्या पर्थजवळच्या एका लहान गावात राहत असताना शेजारच्या वृद्ध बाईंकडून मी ही वडी शिकले. त्यांचे बालपण शिधावाटपात गेले होते. ब्रिटनमध्ये लोणी, साखर आणि बेकन यांचे शिधावाटप 8 जानेवारी 1940 रोजी सुरू झाले आणि शेवटचे निर्बंध 4 जुलै 1954 रोजी उठले. त्या काळात वाढलेल्या माणसाच्या हाताला एक शिस्त असते, आणि ती या वडीत पुरेपूर उतरलेली दिसते. पारी पातळ लाटायची, सारण मोजून घालायचे आणि पिठाचा एकही तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही. आज काही ठिकाणी हिच्यात चॉकलेट, बदामाचे पीठ, कॅरमल असे बरेच काही घातलेले दिसते. माझ्या मते त्यामुळे पदार्थ बदलतो आणि ज्या आठवणीसाठी तो करायचा ती हातची निसटते. म्हणून पुढील कृती जाणीवपूर्वक साधी ठेवली आहे.

करंट म्हणजे नेमके काय

या वडीचा जीव करंटांत आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. करंट म्हणजे ग्रीसमध्ये पिकणाऱ्या ‘ब्लॅक कॉरिंथ’ नावाच्या अगदी लहान, बिनबियांच्या काळ्या द्राक्षांचे मनुके होत. कॉरिंथ या शहराच्या नावावरूनच ‘करंट’ हा शब्द इंग्रजीत आला. एकोणिसाव्या शतकात ग्रीसच्या करंटांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ब्रिटन होते, आणि त्यामुळे सामान्य घरांतही हा मेवा पोहोचला. एक्लस आणि चॉर्ली या जुन्या लँकशायरमधील गावांच्या नावांचे केक, स्कॉटलंडमध्ये वर्षअखेरीस होणारा ‘ब्लॅक बन’ आणि 1861 मध्ये पीक फ्रीन कंपनीने बाजारात आणलेले गॅरिबाल्डी बिस्कीट ही सारी करंटांचीच भावंडे आहेत. एक्लस केकला पदर सुटणारी पारी लागते, तर चॉर्ली केकला साधी खुसखुशीत पारी लागते. आपली वडी या दुसऱ्या घराण्यातली आहे.

भारतातल्या दुकानात एक गफलत होण्याचा संभव असतो. ‘ब्लॅक करंट’ या नावाचे एक वेगळेच आंबट, गडद जांभळे फळ युरोपात झुडपांवर येते, आणि त्याचा द्राक्षांशी काही संबंध नाही. आपल्याकडे मात्र काळ्या मनुकांच्या पाकिटावरही पुष्कळदा हेच नाव छापलेले असते. त्यामुळे नावावर न जाता दाणा पाहावा. तो मिऱ्यापेक्षा थोडा मोठा, काळा, सुरकुतलेला आणि बिनबियांचा असला म्हणजे झाले. तसे करंट मिळाले नाहीत तर बिनबियांच्या काळ्या मनुका घेऊन सुरीने प्रत्येकीचे दोन-तीन तुकडे करावेत. सांगली-तासगावचा बेदाणा वापरण्याचा मोह महाराष्ट्रातल्या वाचकाला होणे स्वाभाविक आहे. तो ज्या थॉम्पसन सीडलेस जातीच्या द्राक्षांपासून आणि तिच्यातून निवडलेल्या वाणांपासून होतो, त्याच जातीला ब्रिटिश स्वयंपाकघरात ‘सुल्ताना’ म्हणतात, त्यामुळे तो परका अजिबात नाही. परंतु त्याची गोडी फिकी आणि मधासारखी असते, तर करंटाला किंचित आंबट-तुरट, गुळाच्या काकवीकडे झुकणारी चव असते. सारणात एक चतुर्थांशापर्यंत बेदाणा चालेल, त्याहून अधिक झाल्यास वडी गुळमट लागते.

साहित्य

वीस सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी पत्र्याच्या साच्यात बारा वड्या होतात, आणि त्यांच्यासाठी पुढील प्रमाण घ्यावे. पारीसाठी 250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम थंड लोणी, एक मोठा चमचा पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि साधारण चार मोठे चमचे बर्फासारखे गार पाणी लागेल. सारणासाठी 350 ग्रॅम करंट, 60 ग्रॅम गडद तपकिरी साखर, 25 ग्रॅम लोणी, एक किसलेले आंबटसर सफरचंद, एका लिंबाचा रस, एक लहान चमचा मसाला, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि 150 मिलिलिटर पाणी घ्यावे. वरून लावण्यासाठी थोडे दूध आणि दाणेदार साखर हवी. अंडे कुठेही लागत नाही.

जुन्या घरांत पारीसाठी निम्मे लोणी आणि निम्मे लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, वापरत असत, कारण लोण्याने चव येते आणि लार्डने खुसखुशीतपणा येतो. लार्ड चालत नसेल तर सगळे लोणीच घ्यावे. बाजारचे पिवळे खारे लोणी वापरल्यास पिठात वेगळे मीठ घालू नये. घरचे पांढरे लोणी असेल तर ते गार पाण्यात धुऊन, दाबून ताक काढून टाकावे आणि पीठ भिजवताना एक-दीड चमचा पाणी कमी घ्यावे. तूप मात्र घेऊ नये. त्यात पाण्याचा अंश नसतो, आणि त्याची पारी नानखटाईसारखी भुसभुशीत होऊन वडी कापताना कोसळते.

ब्रिटनमध्ये ‘मिक्स्ड स्पाइस’ नावाचा तयार गोड मसाला मिळतो. घरी तो करायचा असल्यास दालचिनीची पूड दोन भाग, जायफळ आणि धन्याची पूड एकेक भाग, आणि सुंठ व लवंग अर्धा-अर्धा भाग असे मिसळावे. वेलची घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ती घातली, की जिभेला ताबडतोब दिवाळीची करंजी आठवते, आणि ही वडी आठवण देते ती दुसऱ्याच एका घराची.

सारण आधी करावे

सर्वांत पहिले काम सारणाचे, कारण ते पूर्ण गार होण्यास निदान दोन तास लागतात. करंट निवडून, देठ काढून, धुऊन घ्यावेत. जाड बुडाच्या पातेल्यात करंट, पाणी, साखर, लोणी, किसलेले सफरचंद आणि मसाला एकत्र करून मंद आचेवर ठेवावे, आणि आठ-दहा मिनिटांत दाणे फुगून टपोरे दिसू लागले, की कॉर्नफ्लोअर लिंबाच्या रसात कालवून त्यात ओतावे. पुढची दोन-तीन मिनिटे सतत ढवळावे. उलथने पातेल्याच्या तळावरून ओढल्यावर मागे पडलेली वाट क्षणभर तशीच राहिली, म्हणजे सारण झाले. ते ताटात पसरून गार करावे.

करंट शिजवण्यामागे कारण आहे. कोरडे दाणे तसेच घातले, तर ते भाजताना कडक होतात आणि पारीतला ओलावा ओढून घेतात. शिजवलेल्या दाण्यांत पाणी आधीच मुरलेले असते, आणि उरलेला पाक कॉर्नफ्लोअरने बांधला गेल्यामुळे तळाची पारी भिजत नाही. साखरही बेतानेच घालावी, कारण करंटाच्या स्वतःच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. करंट थोडे कमी पडले तर सफरचंद वाढवावे, आणि त्या प्रमाणात पाणी कमी करावे.

पहिल्या खेपेस मी घाईने कोमट सारणच पारीवर पसरले होते. खालच्या पारीतले लोणी भट्टीत जाण्यापूर्वीच वितळले, आणि तासाभराने साचा उलटला तेव्हा तळाला पांढरा, चिकट, कच्चा थर निघाला. त्यावर शेजारच्या बाईंनी एवढेच सांगितले, की सारणाच्या ताटाला खालून हात लावावा, आणि तो गार लागला तरच लाटण्याला हात घालावा.

पारी

ही पारी आपल्या मोहन घालण्याच्या पद्धतीनेच होते, फक्त मोहन गरम नसते आणि प्रमाण कितीतरी जास्त, मैद्याच्या वजनाच्या बरोबर निम्मे असते. मैदा, मीठ आणि पिठीसाखर परातीत चाळून घ्यावी. लोण्याचे लहान तुकडे त्यावर टाकून बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, चोळावे. तळहात उबदार असतो आणि त्याने लोणी वितळते. पीठ ब्रेडच्या चुऱ्यासारखे दिसू लागले आणि मूठ वळली, की थांबावे. मग गार पाणी चमच्याचमच्याने शिंपडून सुरीने कालवावे आणि शेवटी हाताने फक्त गोळा जमवावा. कणकेसारखे मळू नये. मळण्याने मैद्याला चिवटपणा येतो आणि भाजताना पारी आकसते.

गोळ्याचे दोन भाग करावेत, एक किंचित मोठा तळासाठी आणि दुसरा वरच्यासाठी. ते चपटे करून, झाकून, निदान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत. उन्हाळ्यात नागपूर-सोलापूरकडच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याने मैदा आणि परातही आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवली तर फरक स्पष्ट जाणवतो.

रचना आणि भाजणे

भट्टी किंवा ओटीजी 200 अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा. पंख्याची भट्टी असल्यास 180 अंश पुरेत. तापत असतानाच आतल्या मधल्या फळीवर एक जाड पत्र्याचा ट्रे ठेवावा, म्हणजे साचा त्यावर ठेवताच तळाला खालून चटकन उष्णता मिळते. ही युक्ती लहान, पण तळ कच्चा राहण्यावर तिच्याइतका खात्रीचा उपाय मला दुसरा सापडलेला नाही.

साच्याला लोणी लावून, दोन बाजूंनी बाहेर येईल असा बेकिंगचा कागद घालावा. मोठा गोळा थोड्या पिठीवर तीन मिलिमीटर जाडीचा, साच्यापेक्षा चहूबाजूंनी सुमारे दीड सेंटिमीटर मोठा लाटावा, लाटण्यावर गुंडाळून साच्यात उतरवावा आणि कोपऱ्यांत हलकेच बसवावा. ताणून बसवल्यास तो भाजताना मागे सरतो. सारण कडेपर्यंत सारखे पसरून चमच्याच्या पाठीने दाबावे. कडेला पाण्याचे बोट फिरवून दुसरी पारी वर ठेवावी, कडा चिमटून मिटवाव्यात आणि वरच्या पारीला काट्याने ओळीत टोचे द्यावेत, म्हणजे वाफेला वाट मिळते आणि पारी फुगून सारणापासून सुटत नाही. वरून दुधाचा हात फिरवून साखर भुरभुरावी.

तीस ते पस्तीस मिनिटांत वरचा रंग सोनेरी बदामी होतो. पंचवीस मिनिटांनी एकदा साचा फिरवून ठेवावा, कारण घरगुती भट्ट्यांत मागची बाजू बहुधा लवकर तांबूस होते. रंगाच्या बाबतीत घाबरून लवकर बाहेर काढण्यापेक्षा दोन मिनिटे अधिक देणे श्रेयस्कर, कारण फिकट पारीला चव कमी आणि मैद्याचा वास जास्त असतो. बाहेर काढल्याबरोबर गरम पारीवर पुन्हा चमचाभर साखर भुरभुरावी.

उरलेले पिठाचे काठ एकत्र करून त्यांत थोडा मुरंबा भरावा, घडी घालून त्याच भट्टीत भाजावे. शेजारच्या बाई हा तुकडा भाजणाऱ्याचा हक्क मानत, आणि तो उभ्या-उभ्या, गरम असतानाच खात.

कापणे आणि ठेवणे

गरम वडी कापू नये. सारण गार झाल्यावरच घट्ट बसते, त्यामुळे साच्यातच पूर्ण निवू द्यावे, कागदाच्या टोकांनी उचलून पाटावर घ्यावे आणि धारदार, दातेरी सुरीने एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला चार असे भाग करून बारा तुकडे कापावेत. खरी चव दुसऱ्या दिवशी येते. रात्रभरात सारणाचा ओलावा पारीच्या आतल्या बाजूस किंचित मुरतो, मसाला दाण्यांत उतरतो आणि लिंबाचा आंबटपणा मागे सरतो. सोबतीला दूध घातलेला कडक चहा असावा. लँकशायरमध्ये करंटांच्या केकसोबत त्या भागातले भुसभुशीत पांढरे चीज खातात, आणि या वडीबरोबरही ते चांगले जुळते.

कोरड्या हवेत पत्र्याच्या डब्यात ती चार-पाच दिवस उत्तम राहते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पारी मऊ पडते. अशा वेळी हवे तेवढेच तुकडे 150 अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवून पुन्हा गार होऊ द्यावेत, म्हणजे वरची साखर दाताखाली परत कुरकुरते.