'चारुलता' लावण्याआधी शेंगा सोलून ठेवा

सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४) घरी बघणार असाल तर शेंगा आधीच सोलून ठेवा. थट्टा नाही करत. बोलणं कमी असलेल्या सिनेमात टरफलं फार वाजतात.

एप्रिल-मे तर सोडूनच द्या. सोलापुरात तेव्हा कूलर लावला तर ऐकू येत नाही, बंद केला तर बसवत नाही. मी जानेवारीतल्या गड्डा जत्रेची गर्दी ओसरल्यावर एका दुपारी लावला. सोबत जाऊबाई आणि पुतणी. सिनेमा बंगाली, खाली इंग्रजी अक्षरं, ती पुतणी वाचून सांगायची. असं कुणी असेल तर पहिली सात-आठ मिनिटं त्यांना गप्प बसवा. तिथं वाचण्यासारखं फारसं नसतंच.

सुरुवातीला चारुलताचे, म्हणजे चारूचे, हात दिसतात, रुमालावर इंग्रजी 'बी' भरणारे. बी म्हणजे भूपती, नवरा. मी फॉल-पिको, भरतकाम करते; एवढं अक्षर अर्ध्या तासाचं काम. हिला मात्र कसलीच घाई नाही. मग दांडीची छोटी दुर्बीण घेऊन ती या खिडकीतून त्या खिडकीत जाते. खाली माकडवाला, पालखी, छत्रीवाला लठ्ठ माणूस. इतक्यात नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो. ती दुर्बीण उचलते आणि त्यालाही तशीच बघते, रस्त्यावरच्या माणसासारखी.

"अगं, काही घडणार आहे का यात?" जाऊबाई म्हणाल्या. मी मागे नेऊन तेवढंच पुन्हा दाखवलं. तुम्हीही न लाजता दाखवा.

वाईट माणूस शोधत बसू नका, सापडणार नाही. भूपती हात उचलत नाही, घरात सासू नाही, नोकरचाकर आहेत. १८७९-८० च्या कलकत्त्यात तो इंग्रजी वर्तमानपत्र काढतो, देशाची काळजी करतो. बायको एकटी पडते हेही त्याला कळतं. तिला लिहितं करायचं काम तो आपल्या भावावर, अमलवर सोपवतो. स्वतः मात्र छापखान्यात. "नवरा चांगलाच आहे की!" जाऊबाई. अवघड तेच आहे. वाईट नवऱ्याचं माहेरी जाऊन सांगता तरी येतं. चांगल्याचं काय सांगणार?

चहाला उठायचं तर बागेतल्या झोपाळ्याच्या आधी उठा. झोका चालू असताना चारूचा चेहरा बघायचा, गाणं नुसतं कानावर पडू द्यायचं. मूळ गोष्ट रवींद्रनाथांची, 'नष्टनीड', १९०१ ची. ती नंतर वाचा. आधी वाचलीत तर शेजारच्यांना पुढचं सांगत सुटाल. मी सुटले असते.

शेवटी दोन हात एकमेकांकडे येतात आणि चित्र थांबतं. पुतणीनं नेट गेलं म्हणून राउटर बंद करून पुन्हा चालू केला. नेट गेलेलं नसतं. तसंच बसून राहा.