इराणी गालिचा घेताय? आधी तो उलटा करा

पैठणी घेताना जाणती बाई पदर उलटून बघते. हातमागाची असेल तर मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. तीच बाई दुबईच्या दुकानात इराणी गालिच्यासमोर उभी राहिली की लवेवरून हात फिरवते, "किती मऊ आहे!" म्हणते आणि कार्ड पुढे करते. मीही असाच फसलो. घरी आणून उलटा केला, तर मागे जाड कापड चिकटवलेलं. म्हणजे तो विणलेला नव्हताच. कापडात यंत्रानं लोकर टोचून ती मागून रबराच्या चिकानं धरून ठेवली होती. काही वर्षांत हा चीक सुकतो आणि भुकटी होऊन गळू लागतो.

खऱ्या गालिच्यात उभ्या ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकरीची एकेक गाठ हातानं घालतात. एक ओळ झाली की आडवा बाणा टाकून तो जड फणीनं ठोकून बसवतात. त्यामुळे सगळी नक्षी मागेही तितकीच स्पष्ट उमटते आणि प्रत्येक गाठीचा बारीक उंचवटा दिसतो. दोन्ही टोकांच्या दशा म्हणजे त्याच ताण्याची टोकं. त्या वेगळ्या शिवलेल्या किंवा चिकटवलेल्या दिसल्या तर खुशाल पुढच्या दुकानात जा. आणि घरी दशा विस्कटतात म्हणून कुणी कात्री उचलली तर हात धरा. त्या गेल्या की टोकाकडच्या ओळी सुटायला वेळ लागत नाही.

(गालिचा हा शब्दच फारसी. तिकडे मोठा तो काली, लहान तो कालीचे. विणकरासमोर चौकटींच्या कागदावर काढलेलं चित्र असतं, त्याला 'नक्शे' म्हणतात; तोच आपला नकाशा. आणि 'फर्श' म्हणजे गालिचा. आपण त्याची फरशी करून टाकली!)

सर्वांत जास्त घोळ होतो तो आकड्यांत. इराणमधल्या तब्रीझ शहराच्या गालिच्याला 'रज' हे माप लावतात, म्हणजे साधारण ७ सेंमी रुंदीत किती गाठी बसल्या ते. तिथे ५० रजपेक्षा ७० रज बारीक. नाईन या तिथल्याच दुसऱ्या गावच्या गालिच्याला 'ला' लावतात, आणि तिथे गणित उलटं! ताण्याचा एक धागा किती पदरांचा, ते 'ला' सांगतो. पदर जास्त तितका धागा जाड, म्हणून ९ लापेक्षा ६ ला बारीक आणि ४ ला त्याहून बारीक. मोठा आकडा ऐकून ९ लाला जास्त पैसे मोजणारे लोक मी पाहिलेत.

गाठी जास्त म्हणजे गालिचा चांगला, हेही सरसकट खरं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला अर्दबीलचा गालिचा सुमारे साडेदहा मीटर लांब आहे, त्यात २.५ कोटींहून जास्त गाठी आहेत आणि त्यावर हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४० चा लेख आहे. त्याला ती दाटी हवीच होती, कारण वळणदार वेली आणि बारीक फुलं विरळ गाठींत उमटत नाहीत. पण फार्स प्रांतातल्या भटक्या टोळ्यांचा 'गब्बे' नावाचा जाड गालिचा विरळच असतो, तसाच शोभतो. त्याच्या गाठी मोजत बसणं म्हणजे घोंगडीत पैठणीचं काम शोधणं.

याच टोळ्यांच्या गालिच्यात एकाच निळ्याचे किंवा तांबड्याचे आडवे पट्टे दिसतात, जरा गडद, जरा फिके. गिऱ्हाईक त्याला दोष समजून घासाघीस करतं. लोकर थोडी थोडी रंगवली जाते आणि मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा रंग दर घाण्याला अगदी एकसारखा उतरत नाही. या पट्ट्यांना 'अब्रश' म्हणतात आणि जाणकारांना ते आवडतात. खरी शंका वेगळीकडे घ्या: लव बोटांनी फाकवून मुळाशी बघा. टोकं फिकी आणि मुळाशी एकदम भडक रंग असेल तर 'जुना' दिसावा म्हणून माल रसायनात धुतलेला असू शकतो. ओल्या पांढऱ्या फडक्यावर रंग उतरला तर तो रंग कच्चा.

रेशमाचंही तसंच. 'कोमचं रेशीम' (कोम हे इराणमधलं शहर) म्हणून व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा, विकणारे कमी नाहीत. दुकानदाराकडून एक सुटा तंतू मागून घ्या आणि बाहेर जाऊन जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, व्हिस्कोज कागदासारखं जळतं. "विणकर मुद्दाम एक चूक ठेवतात, परिपूर्ण फक्त ईश्वर" ही गोष्ट कुणी सांगितली तर हसून ऐका. लाखो गाठी घालणाऱ्याला चुका मुद्दाम कराव्या लागत नाहीत.

घरी आणल्यावर घडी घालू नका, गुंडाळा. कुंडी तर त्यावर कधीच ठेवू नका. ताणाबाणा बहुधा सुती असतो. खालून ओल लागत राहिली की तो आतल्या आत कुजतो आणि एक दिवस गालिचा दुमडताना कट् करून तुटतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे लवकर होतं. लोकर खाणारी कसर मात्र उजेडात, पायाखाली येत नाही. दिवाणाखालचा कोपरा महिन्यातून एकदा उचलून बघा.